डेंटल लॅबसाठी स्कॅनर आणि कॅड सॉफ्टवेअर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"स्कॅनर घ्यायचाय, कुठला घेऊ?" एवढ्या एका ओळीचा मेसेज सारखा येतो आणि त्याला एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून लोक नेहमी जे विचारतात ते इथे एका जागी लिहून ठेवलंय. सोपे प्रश्न आधी आहेत, डोकेदुखीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. डिजिटल सिस्टीम म्हणजे नक्की काय काय घ्यावं लागतं? नुसता स्कॅनर घेतला तर चालेल का?

नुसत्या स्कॅनरने काही होत नाही. स्कॅनर मॉडेलचा थ्रीडी आकार पकडतो, कॅड सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही त्यावर क्राउन (दातावरची टोपी) उभा करता, कॅम सॉफ्टवेअर बर (मशीनचं कापणारं टोक) कुठून कसा फिरवायचा ते ठरवतं आणि शेवटी मिलिंग मशीन किंवा प्रिंटर ते काम प्रत्यक्षात काढतो. यातलं स्कॅनर, कॅड आणि एक दणकट पीसी एवढं लॅबमध्ये असलं की सुरुवात होते, पुढचं मिलिंग सेंटरला फाइल पाठवून करून घेता येतं आणि कितीतरी लॅब वर्षानुवर्षं अशाच चालतात. आणि हे काही कालपरवाचं खूळ नाही, झुरिचला सेरेक नावाच्या कॅड-कॅम मशीनवर केलेला पहिला इनले (दाताच्या खड्ड्यात बसणारं भरण) १९८५ सालीच बसवला होता, लॅबवाल्यांपर्यंत ते सगळं परवडेल अशा रूपात पोचायला मात्र बराच वेळ गेला.

२. आमची लॅब छोटी आहे, दिवसाला चार-पाच युनिट (एक दात म्हणजे एक युनिट) होतात. घेणं परवडेल का?

आधी मागच्या तीन महिन्यांची जॉबकार्डं काढा आणि मोजा. झिरकोनिया (पांढरं सिरॅमिक) किती, मेटलचं किती, इम्प्लांट किती, रिमेक किती आणि बाहेरून स्कॅन-डिझाइन करून घेण्यात किती गेले. हा शेवटचा आकडा जर हप्ता आणि वार्षिक फी (प्रश्न ९ बघा) यांच्या बेरजेच्या आसपासही नसेल तर थांबा. थांबायचं म्हणजे हात बांधून बसायचं असं नाही, एक मधला रस्ता आहे तो लोक विसरतात: फक्त कॅड सॉफ्टवेअर घ्या, मॉडेल दुसऱ्याकडून स्कॅन करून आणा आणि डिझाइन स्वतः करा. हात बसतो, केसेस वाढल्या की मग स्कॅनर घेता येतो. उलटं, म्हणजे स्कॅनर आधी आणि डिझाइन येणारा माणूस नंतर, असं करणाऱ्यांच्या स्कॅनरवर कपडा घातलेला मी पाहिलाय.

३. आता डॉक्टरच तोंडातून स्कॅन करून फाइल पाठवतात. मग लॅब स्कॅनर कशाला?

प्रश्न एकदम रास्त आहे. तुमच्या निम्म्याहून जास्त केसेस इंट्राओरल (तोंडातल्या) स्कॅनरवरून येत असतील तर पहिला खर्च चांगल्या कॅडवर आणि मॉडेल प्रिंटरवर करा, स्कॅनर साधा घेतला तरी चालेल. पण तो लागतोच, कारण प्लास्टर मॉडेल यायचं पूर्ण थांबत नाही, वॅक्सअप (मेणात घडवलेला दात) कॉपी करायचा असतो, जुनी डेंचर (कवळी) डुप्लिकेट करायची असते, काहीजण तर अजूनही अर्धा जबडा इम्प्रेशन (तोंडाचं घेतलेलं माप) आणि अर्धा फाइल असं पाठवतात.

दुसरं म्हणजे तोंडातला स्कॅनर छोटे छोटे तुकडे टिपून एकमेकांना जोडत जातो आणि प्रत्येक जोडाला थोडी चूक होते. सिंगल क्राउन किंवा तीन युनिटच्या ब्रिजला ती जाणवत नाही, पण पूर्ण आर्च (दातांची अख्खी कमान) गेला की एका दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत ती साचत जाते. टेबलावरच्या स्कॅनरला तो त्रास खूप कमी, कारण त्याला पूर्ण मॉडेल एका घरात बसवलेलं मिळतं. अर्थात त्याच्या आधी इम्प्रेशन आणि प्लास्टरच्या चुका झालेल्याच असतात, ते विसरू नका.

४. एक कंपनी स्कॅनरची अचूकता ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणते, दुसरी १० म्हणते. ४ वाला घेऊ ना?

या एका आकड्यावरून जेवढे चुकीचे स्कॅनर विकले गेलेत तेवढे कशावरूनच नसतील. आधी विचारा की हा आकडा ट्रूनेसचा की प्रिसिजनचा. ट्रूनेस म्हणजे खऱ्या मापाच्या किती जवळ आलात, प्रिसिजन म्हणजे तेच मॉडेल दहा वेळा ठेवलं तर दहाही वेळा तेच माप येतं का. दहाही वेळा सारखंच चुकणारा स्कॅनर प्रिसिजनमध्ये पहिला येईल! मग विचारा की माप कशावर घेतलंय. आयएसओ १२८३६ हे स्टँडर्ड याच कामासाठी आहे, त्यात ठरलेल्या आकाराच्या वस्तू स्कॅन करून अचूकता तपासतात, आणि त्याच पद्धतीने काढलेल्या दोन आकड्यांचीच तुलना करण्यात अर्थ आहे.

आता हा फरक तोंडात किती कळतो ते बघा. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये हजारावर रिस्टोरेशन पाच वर्षं बघून १२० मायक्रॉनपर्यंतची मार्जिनल गॅप (क्राउनची कड आणि दात यांच्यातली फट) चालू शकते असं मांडलं, तो आकडा अजूनही सगळे वापरतात (आपण त्याच्या बरंच आत राहायचा प्रयत्न करतो ही गोष्ट वेगळी). आपण स्वतःच सॉफ्टवेअरमध्ये सिमेंटसाठी ३० ते ८० मायक्रॉन जागा सोडतो. त्यापुढे ४ आणि १० मधले ६ मायक्रॉन कुठे हरवतात ते कळतही नाही. लांब इम्प्लांट बार (इम्प्लांट एकमेकांना जोडणारी पट्टी) करणार असाल तर मात्र आकड्याकडे नीट बघा, तिथे तो लागतो.

५. ब्लू लाइट चांगला की लेसर? कॅमेरे दोन की चार?

हल्लीचे बहुतेक लॅब स्कॅनर मॉडेलवर पट्ट्यांचा प्रकाश टाकतात आणि त्या पट्ट्या किती वाकल्या ते कॅमेऱ्याने बघून आकार काढतात. निळा प्रकाश वापरतात कारण खोलीतल्या उजेडाचा त्यावर कमी परिणाम होतो. कॅमेरे जास्त असले तर एका फेरीत जास्त कोन दिसतात, म्हणजे वेळ वाचतो आणि खोलगट जागा कमी सुटतात. दिवसाला दहा युनिटला दोन कॅमेरे पुरतात.

रंग पकडणारा स्कॅनर हवा का असंही विचारतात. पार्शल डेंचरचं डिझाइन डॉक्टर मॉडेलवर पेन्सिलने काढून देत असतील तर हवाच, ती रेघ स्क्रीनवर दिसली की क्लास्प (कवळी धरून ठेवणारा हुक) कुठे जाणार यावरून फोन करावा लागत नाही. नुसतं क्राउन-ब्रिज असेल तर तो पैसा वाचवा.

६. इम्प्रेशन थेट स्कॅन करता येतं म्हणतात, प्लास्टर ओतायची कटकटच नको. खरंय का?

अर्धं खरं आहे. कॅमेऱ्याला जे दिसतं तेच स्कॅन होतं, आणि इम्प्रेशनमध्ये खालचे पुढचे दात म्हणजे अरुंद खोल विहिरी. प्रकाश तळापर्यंत गेला तरी कॅमेऱ्याला तिथून परत दिसायला हवा ना. दाढांचे बुटके प्रेप (क्राउनसाठी घासलेले दात), ट्रिपल ट्रेचं (दोन्ही जबडे आणि बाइट एकदम घेणाऱ्या ट्रेचं) इम्प्रेशन, मार्जिन (प्रेप जिथे संपतो ती कड) स्वच्छ आलेलं असेल तर छान होतं. लांब सडपातळ प्रेप असेल तर सॉफ्टवेअर भोकं स्वतःच्या अंदाजाने बुजवतं आणि ते दिसायला इतकं गुळगुळीत दिसतं की तुम्हाला कळतही नाही की मार्जिन मशीनने कल्पनेतून काढलंय. ऑटो होल फिलिंग बंद ठेवूनच बघा. मटेरियल फार चकचकीत असलं तर स्प्रे लागतो, आणि स्प्रेचा थर म्हणजे अजून थोडी जाडी, त्यामुळे मार्जिनवर तो अगदी हलकाच.

७. ओपन सिस्टीम आणि क्लोज्ड सिस्टीम म्हणजे काय?

ओपन म्हणजे स्कॅन एसटीएल, पीएलवाय, ओबीजे अशा सगळीकडे चालणाऱ्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो आणि बाहेरून आलेली तशी फाइल आत घेता येते. क्लोज्ड म्हणजे त्या कंपनीचा स्कॅन, त्याच कंपनीचं डिझाइन, त्याच कंपनीची मिल आणि कधीकधी ब्लॉकसुद्धा त्यांचाच. क्लोज्ड वाईटच असतं असं नाही, एकाच घरातलं सगळं असलं की बिघडल्यावर एकालाच फोन करायचा. पण त्यातून बाहेर पडायचं ठरवलं की मग कळतं.

आमच्याकडचा पहिला स्कॅनर असाच होता. घेताना विक्रेता "हो हो, ओपन आहे" म्हणाला, नंतर कळलं की एक्सपोर्टचं बटण आहे पण ते चालू करायला वेगळे पैसे, आणि केलं तरी फक्त जबडे बाहेर येतात, डिझाइन केलेला क्राउन नाही. म्हणून तीन वेगळे प्रश्न विचारा: कच्चा स्कॅन बाहेर निघतो का, तयार डिझाइन बाहेर निघतं का, आणि दुसऱ्या कुठल्याही स्कॅनरची फाइल आत येते का. तिन्हींची उत्तरं कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको.

८. एक्सोकॅड घेऊ की थ्रीशेप?

हा वाद काही संपायचा नाही. थ्रीशेप कोपनहेगनची, २००० सालची, ते स्कॅनरही बनवतात आणि सॉफ्टवेअरही, त्यामुळे त्यांचा स्कॅनर आणि त्यांचंच डेंटल सिस्टीम सॉफ्टवेअर असं जोडीने चालतं. एक्सोकॅड जर्मनीच्या डार्मश्टाटची, २०१० सालची, ते सॉफ्टवेअरवाले, स्कॅनर दुसऱ्यांचे, म्हणून कितीतरी कंपन्या आपल्या स्कॅनरबरोबर तेच देतात, कधीकधी स्वतःचं नाव लावून (अमान गिरबाखचं सेरामिल माइंड हे त्यातलंच). २०२० मध्ये एक्सोकॅड अलाइन टेक्नॉलॉजीने विकत घेतली, म्हणजे आयटेरो आणि इनव्हिजलाइनवाली कंपनी. त्यांच्या व्हर्जनची नावं युरोपच्या सांस्कृतिक राजधान्यांवरून असतात, प्लोव्हदिव, गॉलवे, रियेका, त्यामुळे कोणी "माझं गॉलवे आहे" म्हणालं तर गोंधळू नका, व्हर्जन सांगतोय.

माझं मत विचाराल तर दोन्हीवर उत्तम काम होतं. निवड यावर करा की ज्या मिलिंग सेंटरला फाइल जाणार ते कशावर आहे, जास्तीत जास्त डॉक्टर कुठल्या पोर्टलवरून स्कॅन पाठवतात आणि तुमच्याकडे येऊ शकणाऱ्या टेक्निशियनला काय येतं. थ्रीशेपवर हात बसलेला माणूस एक्सोकॅडवर पहिले काही आठवडे चिडचिडा असतो, उलटंही तसंच.

९. वार्षिक फी भरली नाही तर सॉफ्टवेअर बंद पडतं का?

लायसन्स कुठल्या प्रकारचं आहे त्यावर आहे. एक प्रकार कायमचा, एकदा पैसे भरले की ते व्हर्जन चालत राहतं, फी फक्त नवीन अपडेटची. दुसरा वर्षागणिक, सुरुवातीला स्वस्त वाटतो पण भरणं थांबलं की काम थांबलं. एक्सोकॅडमध्ये दोन्ही मिळतात. पाच वर्षांची बेरीज दोन्ही बाजूंनी मांडून बघा, नुसतं पहिल्या वर्षाचं कोटेशन बघून ठरवू नका.

डोंगलचं वेगळं सांगतो. तो छोटा यूएसबी हरवला तर बहुतेक ठिकाणी लायसन्सच हरवलं असं धरतात, म्हणून तो पीसीच्या मागे लावा, पुढे नको, झाडताना लागून तुटलेले डोंगल मी दोन पाहिलेत. विम्यात लिहिताना त्याची किंमत पेन ड्राइव्हची लिहू नका, अख्ख्या सॉफ्टवेअरची लिहा.

१०. मॉड्यूल कुठले घ्यायचे? विक्रेता सगळेच घ्या म्हणतोय.

तो म्हणणारच. क्राउन, ब्रिज, इनले, व्हिनियर बेसिकमध्ये येतं. इंट्राओरल केसेस असतील तर मॉडेल बनवायचं मॉड्यूल लगेच लागतं, इम्प्लांट करत असाल तर इम्प्लांटचं. बार, पार्शल, फुल डेंचर, स्प्लिंट हे महिन्याला ठराविक केसेस यायला लागल्यावर. मॉड्यूल नंतर घेता येतात, फक्त नंतरचा भाव आजच लिहून घ्या.

११. पीसी घरचा चालेल का?

चालणार नाही, म्हणजे उघडेल पण पूर्ण आर्च फिरवताना तुम्ही चहा पिऊन याल. विंडोज लागतं, मॅक नाही. वेगळं ग्राफिक कार्ड (एनव्हिडियाचं), ३२ जीबी रॅम, एसएसडी, आणि स्कॅनरसाठी थेट मदरबोर्डवरचा यूएसबी ३ पोर्ट, हब लावू नका. यूपीएस हवाच. आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, कारण सहा महिन्यांनी "तोच क्राउन पुन्हा करून द्या" असा फोन येतो तेव्हा ती फाइल असेल तर मॉडेल मागवावं लागत नाही.

१२. डेमोला गेल्यावर नक्की काय बघायचं?

त्यांचं मॉडेल बघू नका. ते डेमो मॉडेल इतकं सुंदर असतं की त्यावर कोणीही सुंदर दिसेल. तुमच्याकडचं सगळ्यात वाईट मॉडेल घेऊन जा: खोल सबजिंजायव्हल (हिरडीखालचं) मार्जिन, एकमेकांवर चढलेले खालचे पुढचे दात, प्रेपला थोडा अंडरकट, बाइट (वरच्या-खालच्या दातांची जुळणी) डगमगणारी. शिवाय एक अशी केस न्या जी तुम्ही आधीच करून बसवली आहे आणि जिचा डाय (त्या एका दाताचं सुटं मॉडेल) तुमच्याकडे अजून आहे.

मग मॉडेल ठेवल्यापासून डिझाइन सेव्ह होईपर्यंतचा पूर्ण वेळ घड्याळ लावून बघा. ब्रोशरवर पूर्ण आर्च काही सेकंदात लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं, पण त्यात वरचा, खालचा, डाय एकेक काढून, मग बाइटला दोन्ही एकत्र, मग अलाइनमेंट, हे सगळं धरलेलं नसतं. डेमोवाल्याला बाजूला बसवून तुम्ही स्वतः माउस धरा. स्कॅन झाल्यावर मार्जिनच्या जागी झूम करून जाळी दाखवायला सांगा, त्रिकोण मोठे मोठे आणि कड गोल झालेली दिसली तर तो स्कॅनर कडा मऊ करतोय. शेवटी त्यांच्याच मिलवर तो क्राउन काढून घ्या आणि घरी येऊन आपल्या डायवर बसवा. यातल्या कशालाही "ते नंतर इन्स्टॉलेशनला दाखवतो" असं उत्तर आलं तर पुढच्या विक्रेत्याकडे जा.

एक अजून: तुमच्याआधी घेतलेल्या दोन लॅबचे नंबर मागा आणि फोन करून एवढंच विचारा की बिघडल्यावर माणूस किती दिवसांनी आला.

१३. मिलिंग मशीनपण सोबतच घेऊ का, पॅकेजमध्ये सूट मिळतेय.

घाई नको. मिल घेतली की सिंटरिंग फर्नेस (झिरकोनिया भाजायची भट्टी), कॅम, कॉम्प्रेसर, सक्शन, बर आणि धूळ हे सगळं घरात येतं, शिवाय झिरकोनिया सिंटर होताना लांबीने सुमारे २० टक्के आकसतो, त्यामुळे प्रत्येक डिस्कवरचा आकसण्याचा फॅक्टर बरोबर टाकायची सवय लागेपर्यंत काही क्राउन कचऱ्यात जातात. सहा महिने बाहेरून मिलिंग करून घ्या. घ्याल तेव्हा साधारण ९८ मिमीची सगळीकडे मिळणारी डिस्क बसते का ते बघा, नाहीतर प्रश्न ७ पुन्हा सुरू.

१४. इम्प्लांटचा क्राउन स्क्रीनवर परफेक्ट, तोंडात मात्र उंच किंवा फिरलेला बसतो. स्कॅनर खराब आहे का?

शक्यता कमी. आधी लायब्ररी बघा. स्कॅनबॉडी फक्त एक खूण आहे, सॉफ्टवेअर तिच्या आकारावरून इम्प्लांट कुठे आणि कसा वळलाय ते ओळखतं, त्यामुळे ज्या कंपनीची, ज्या कनेक्शनची स्कॅनबॉडी लावली त्याच नावाची लायब्ररी निवडायला हवी आणि टायटॅनियम बेसही (क्राउन आणि इम्प्लांट यांच्यामधला तुकडा) त्याच लायब्ररीतला. दिसायला जुळ्या दोन स्कॅनबॉडींची उंची वेगळी असू शकते. पीक (PEEK) या प्लास्टिकच्या स्कॅनबॉडी जोरात आवळल्या की दबतात, पुन्हा पुन्हा वापरून झिजतात, त्या बदला. अ‍ॅनालॉग (मॉडेलमधली इम्प्लांटची नक्कल) मॉडेलमध्ये हलतोय का तेही हाताने बघा. सिस्टीम घेताना तुमचे डॉक्टर वापरतात त्या इम्प्लांटची यादी विक्रेत्याला द्या आणि लायब्ररी उघडून दाखवायला सांगा.

१५. सगळे क्राउन अचानक घट्ट बसायला लागले. काय तपासू?

सगळेच म्हणजे कॅलिब्रेशन. स्कॅनर जागेवरून हलवला होता का, थंडीत सकाळी वॉर्मअप न देता सुरू केला का, कॅलिब्रेशनची प्लेट बोटाने मळली का? ते करून पुन्हा बघा. फक्त पुढचे दात घट्ट असतील तर कारण वेगळं: प्रेपची धार बरपेक्षा पातळ असेल तर बर आत जाऊ शकत नाही, त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये ड्रिल कॉम्पेन्सेशन असतं आणि त्यात टाकलेला व्यास तुमच्या मिलिंग सेंटरच्या खऱ्या बरशी जुळायला हवा. नुसते ब्रिज अडकत असतील तर मॉडेल आणि सिंटरिंगकडे बघा. आणि सिमेंट गॅप कोणी बदलून ठेवलाय का, शिकाऊ मुलगा हौसेने बदलतो आणि सांगत नाही.

१६. सेकंडहँड स्कॅनर घ्यावा का?

घेता येतो, तीन अटींवर. लायसन्स तुमच्या नावावर होतंय असं कंपनीकडून लेखी, कॅलिब्रेशनची मूळ प्लेट सोबत (प्रत्येक प्लेटची फाइल वेगळी असू शकते, दुसऱ्या मशीनची उसनी आणून चालत नाही), आणि त्याचा ड्रायव्हर आजच्या विंडोजवर चालताना समोर दिसला पाहिजे. तिसरी अट लोक विसरतात आणि मग एका स्कॅनरसाठी जुना पीसी देवासारखा जपतात.

१७. वॅक्सअप करणारा जुना टेक्निशियन शिकेल का, की कॉम्प्युटर येणारा मुलगा ठेवू?

जुन्यालाच शिकवा. सॉफ्टवेअर लायब्ररीतला दात आणून ठेवतं, पण कॉन्टॅक्ट (शेजारच्या दाताला टेकायची जागा) कुठे हवा, कस्प (दाढेचं टोक) किती चढवायचा, मार्जिन नक्की कुठे संपतं हे त्याला दिसतं आणि नुसत्या कॉम्प्युटरवाल्याला दिसत नाही. माउसची भीती दोन आठवड्यांत जाते. फक्त त्या काळात त्याच्यावर रोजचं पूर्ण काम टाकू नका.

१८. बाहेरून आलेला एसटीएल उघडला तर जबडा मुंगीएवढा दिसतो, किंवा वरचा एकीकडे आणि खालचा भलतीकडे. फाइल खराब आहे का?

एसटीएलमध्ये फक्त त्रिकोण असतात, माप मिलिमीटरमध्ये की इंचात हे त्यात लिहिलेलंच नसतं. पाठवणाऱ्याने इंचात काढली आणि तुम्ही मिलिमीटर समजून उघडली की जबडा २५.४ पट लहान येतो. २५.४ ने मोठा करा आणि माहीत असलेलं एक माप, दाढेची रुंदी वगैरे, ताडून बघा. जबडे भलतीकडे गेलेत म्हणजे दोन्ही एकाच कोऑर्डिनेटमध्ये एक्सपोर्ट केलेले नाहीत, ते अंदाजाने जुळवत बसू नका, बाइट चुकणार, डॉक्टरांना परत पाठवायला सांगा. रंगही एसटीएलमध्ये येत नाही, त्यामुळे मार्जिन हिरडीच्या रंगावरून ओळखायची सवय असेल तर पीएलवाय मागा. आणि फाइलच्या नावात पेशंटचं पूर्ण नाव टाकून पाठवणाऱ्यांना केस नंबर टाकायला सांगा, तीच फाइल पुढे मिलिंग सेंटरला जाते आणि तिथे ते नाव कोणालाच लागत नाही.